मलमलीचं पाणी, खरवडलेला चंद्र

आमच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आईचा एक फोटो होता. १९५८ सालचा, डोहाळजेवणाचा. तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत काढलेला. प्लायवुडची नाव, नावेपुढे कागदाच्या लाटा, मागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि वर दोऱ्याला टांगलेली पुठ्ठ्याची चंद्रकोर. नावेत फुलांची वाडी घालून बसलेली आई. फोटो काळापांढरा, साडी हिरवी होती हे आजीकडून कळलेलं. लहानपणी मला ती नाव खरीच वाटायची. कॉलेजात गेल्यावर त्या पुठ्ठ्याच्या चंद्राचं हसू यायला लागलं. पुढे माझं स्वतःचं डोहाळजेवण झालं तेव्हा तो फोटो पुन्हा हाती आला आणि पहिल्यांदाच मी नाव आणि चंद्र सोडून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळा देखावा आनंदाचा. आई मात्र त्या देखाव्यात नव्हतीच. तिची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, कुठेतरी लांब लागलेली होती. त्या वेळी पोटात होतं ते मूल जगलं नाही. मी त्यानंतर तीन वर्षांनी झाले. पण फोटो काढला तेव्हा पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती नजर कशाची? आईला विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

१९९७ साली एका ग्रंथालयात जुन्या छायाचित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळत होते. एक पान उलटलं आणि दचकलेच. समोर तीच नाव! नावेत एक जखमी राजा आडवा पडलेला, भोवती काळ्या वस्त्रांतल्या स्त्रिया, पुढे पाणी म्हणून अंथरलेलं झिरझिरीत मलमलीचं कापड आणि वर चंद्र. हा चंद्र टांगलेला नव्हता. निगेटिव्हच्या काचेवर चक्क खरवडून काढलेला होता. इंग्रजांच्या लोककथांतला राजा आर्थर शेवटच्या लढाईत घायाळ होतो आणि तीन राण्या त्याला नावेतून पैलतीरी नेतात, तो हा प्रसंग. १८७४ साली काढलेलं छायाचित्र. काढणाऱ्या बाईंचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. खालचा मजकूर वाचला तर बाईंचा जन्म कलकत्त्याचा! त्या दिवशी पुस्तक घरी घेऊन आले ते दोनदा मुदत वाढवून परत केलं.

ज्युलियाचा जन्म ११ जून १८१५ चा. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीचे बडे अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. पॅटलांच्या सात मुली मोठ्या झाल्या आणि त्यांच्या रूपाचा कलकत्त्यात बोलबाला होता. अपवाद एकीचा. ठेंगणी, साध्या चेहऱ्याची ज्युलिया. सहा देखण्या बहिणींत सातवी साधी असली की घरात काय काय कानांवर पडतं, हे आपल्याकडच्या मुलींना वेगळं सांगायला नको. आयुष्यभर ही बाई सुंदर चेहऱ्यांचा पाठलाग करत राहिली, त्याचं मूळ मला इथेच दिसतं. अभ्यासक मंडळी आणखी खोल कारणं देतात, ती त्यांची त्यांना लखलाभ.

शिक्षण फ्रान्समध्ये, आजीपाशी. १८३४ मध्ये ती हिंदुस्थानात परतली. दोन वर्षांनी आजारपणानंतर हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला गेली, तिथे दोन माणसं भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन. वीस वर्षांनी मोठे, कायदेपंडित. मेकॉलेच्या ज्या विधी आयोगानं आपल्या भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा केला, त्या आयोगाचे हे सदस्य. ती संहिता २०२४ पर्यंत आपल्या देशात चालली आणि 'चारशेवीस' हा शब्द मराठीला देऊन गेली. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचं लग्न झालं. दुसरे भेटले ते खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द छायाचित्रणात रूढ केले ते याच हर्शेलनी. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाल्यावर काही वर्षांतच त्यांनी त्याचे नमुने कलकत्त्याला या मैत्रिणीकडे पाठवले. तिनं ते कौतुकानं पाहिले आणि संसाराला लागली. मध्ये वीसएक वर्षं गेली.

संसारही केवढा! स्वतःची सहा मुलं, नात्यातली पोरकी झालेली पाच. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनजवळच्या पटनी हीथ या माळरानावर एक आयरिश बाई पोरीला घेऊन भीक मागत होती. कॅमेरॉनबाईंनी आईला काम दिलं आणि त्या पोरीला, मेरी रायनला, घरात ठेवून शिकवलं. १८६० मध्ये कवी टेनिसनच्या शेजारासाठी म्हणून बाईंनी आइल ऑफ वाइट बेटावर, फ्रेशवॉटर गावी दोन लागून असलेली घरं घेतली, ती जोडून एक केली आणि घराला सिलोनमधल्या आपल्या मळ्याचं नाव दिलं, 'डिम्बोला'. पैसा तिथल्या कॉफीतून येत होता. येत होता म्हणजे यायला हवा होता.

१८६३ च्या डिसेंबरात पती सिलोनला गेलेले. मुलं पांगलेली. बाईंचं वय ४८. लेक आणि जावयानं आईला एकटं वाटू नये म्हणून एक लाकडी कॅमेरा भेट दिला. विरंगुळा म्हणून. आज आपण साठीच्या आईला मोबाइल घेऊन देतो आणि पोरांचे फोटो काढत बस म्हणतो, त्यातलाच प्रकार. पण बाईंनी कोळशाची खोली रिकामी करून तिची डार्करूम केली. कोंबड्यांचं काचेचं खुराडं होतं, त्यातल्या कोंबड्या सोडून दिल्या आणि तिथे स्टुडिओ थाटला. महिन्याभरात, जानेवारी १८६४ मध्ये, ॲनी फिलपॉट या लहान मुलीचा पहिला मनाजोगता फोटो निघाला, तेव्हा बाई घरभर तिच्यासाठी भेटवस्तू शोधत हिंडल्या. फोटो जणू त्या पोरीनंच काढला होता!

तेव्हाचं छायाचित्रण म्हणजे बोटानं कळ दाबणं नव्हे. फूटभर लांबीची काच आधी लख्ख पुसायची. तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं ओतायचं, ते सुकायच्या आत काच अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, समोरच्या माणसाला काही मिनिटं पुतळ्यासारखं बसवायचं आणि लगेच धावत जाऊन काच धुवायची. मध्ये दहा-पंधरा मिनिटं गेली की सगळं मुसळ केरात. चांदीच्या क्षारानं हात, कपडे, टेबलावरच्या चादरी काळ्या पडत. पाणी भरभरून आणावं लागे. पुढे बाईंनी १५ बाय १२ इंचांच्या काचांचा आणखी मोठा कॅमेरा घेतला. तसली ओली काच हातात तोलत काळ्या डागांच्या कपड्यांत अंगणातून धावणारी ती पन्नाशीची बाई मला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसते.

पुस्तकांतून बाईंची ख्याती आहे ती थोरामोठ्यांच्या चेहऱ्यांसाठी. टेनिसन, डार्विन, कार्लाइल, आणि हर्शेलसुद्धा. १८६७ मध्ये त्या कॅमेरा घेऊन या जुन्या मित्राच्या घरी गेल्या आणि म्हणे आधी त्यांचे केस धुऊन विस्कटायला लावले, म्हणून ते पांढरे केस प्रभावळीसारखे उजळले. भाची ज्युलिया जॅक्सनचे फोटोही गाजले. ही पुढे व्हर्जिनिया वुल्फची आई झाली. ते सगळं थोरच आहे. पण मला ओढ आहे ती बाईंच्या दुसऱ्या उद्योगाची, ज्याला तेव्हाच्या जाणकारांनी नाकं मुरडली आणि पुढेही बरीच वर्षं मुरडली. तो म्हणजे गोष्ट सांगणारे फोटो.

आपल्याकडे गणपतीत सजीव देखावे असतात. शिवराज्याभिषेक, अफझलखानाचा वध. माणसं वेष करून स्तब्ध उभी राहतात आणि प्रसंग ओळखायचं काम आपलं. इंग्लंडात तेव्हा बड्या घरांच्या दिवाणखान्यांत असे देखावे करायची हौस होती. छायाचित्रणात तो खेळ बाईंच्या आधीच शिरला होता. ऑस्कर रेयलांडरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून सदाचार आणि दुराचार यांचं एक भलंथोरलं चित्र केलं. पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सननं पाच निगेटिव्ह जोडून मरणाच्या दारातली तरुणी दाखवली. दोघे कसलेले कारागीर. बाईंना जोडकाम मान्य नव्हतं. सगळी माणसं एकाच वेळी भिंगासमोर हवीत, हा हट्ट. म्हणजे एकानं डोळे मिचकावले तरी सगळी काच वाया.

आणि माणसं कोण? घरातली. पती महाशय पांढऱ्या दाढीमुळे कधी जादूगार मर्लिन, कधी लिअर राजा. १८७२ मधल्या लिअरच्या चित्रात त्याच्या तीन मुली झाल्या आहेत त्या लिडेल बहिणी. त्यांतली ॲलिस म्हणजेच लुईस कॅरॉलच्या गोष्टीतली ॲलिस, आता विशीतली. मर्लिन झालेल्या म्हाताऱ्याला ऐन वेळी हसू आवरेना, तो गदगदा हलायचा आणि काचेवर मर्लिनची नुसती छाया उमटायची. मघाचा तो घायाळ राजा आर्थर म्हणजे यारमथच्या धक्क्यावरचा हमाल, विल्यम वॉर्डर. आपल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. दोघांची जातकुळी एकच. डोक्यात कथा शिरली की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे हे लोक पात्र म्हणूनच पाहतात.

फ्रेशवॉटरला पाहुणे यायचे ते भीतभीतच. अमेरिकी कवी लाँगफेलोला टेनिसन घेऊन आला आणि ही सांगेल ते निमूटपणे कर, असा सल्ला देऊन सटकला. पण पाहुणा एकदा बसून सुटायचा. घरच्या मोलकरणींची सुटका नव्हती. मेरी हिलियर ही गावातली मुलगी घरकामाला होती. चेहरा शांत, मान डौलदार. बाईंनी तिला कितीदा तरी येशूची माता मेरी केलं. अंगाभोवती शाल, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं मूल. एवढ्यांदा की बेटावर लोक तिला मॅडोनाच म्हणू लागले. इंग्लंडसारख्या मानपानाच्या देशात मालकीणबाई मोलकरणीला देवमाता करतात आणि सरदार-साहित्यिक ते चित्र विकत घेतात, ही गोष्ट लहान नव्हे. तरी मला राहून राहून वाटतं, ज्या वेळात मेरी देवी होऊन बसायची त्या वेळातलं काम कोण करायचं? केरवारे, भांडी वाट पाहतच असणार. १९३६ पर्यंत ती जगली. एका माळ्याशी लग्न करून संसार केला. बाईंची आत्मकथा, अपुरी का होईना, आहे. मेरीची नाही. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला फक्त तो चेहरा. चित्रांखाली नावं देवादिकांची, पण दहा चित्रं ओळीनं पाहिली की देवी पुसट होते आणि कामानं दमलेली एक तरुण मुलगी हळूहळू वर येते.

दुसरी मेरी, माळावर सापडलेली. १८६५ मध्ये बाईंनी तिला शेक्सपिअरच्या नाटकातली मिरांडा केलं. ते चित्र लंडनच्या प्रदर्शनात लागलं. हेन्री कॉटन नावाच्या तरुणानं ते पाहिलं आणि हिच्याशीच लग्न करायचं, असं मनाशी ठरवलं. दीड वर्ष कळ काढली आणि १८६७ मध्ये भिकारणीच्या लेकीशी लग्न लागलं. बाईंनी दोघांना रोमिओ-ज्युलिएट करून पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभं केलं, ते ओघानं आलंच. मुलगा सनदी नोकरीत हिंदुस्थानात आला, आसामचा चीफ कमिशनर झाला, हिंदी लोकांची बाजू घेतो म्हणून गोऱ्यांच्या रोषाला पात्र झाला. १९०४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन मुंबईला भरलं, त्याचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन! आपल्या शाळेतल्या काँग्रेस अध्यक्षांच्या यादीत हे नाव मी पाठ केलं होतं. त्यांची पत्नी एका फोटोतून त्यांच्या आयुष्यात आली, हे त्या यादीत कुठून असणार?

सगळे देखावे असे सुखाचे नाहीत. १८६८ मध्ये नेपियरची फौज मुंबईहून जहाजांत बसून हबसाणावर चालून गेली. मगडालाचा गड पडला, सम्राट टेवोड्रोसनं स्वतःवर गोळी झाडली आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू इंग्लंडात आणला गेला. त्याच उन्हाळ्यात तो कॅप्टन स्पीडी या आपल्या पालकाबरोबर बाईंच्या स्टुडिओत आला. हबसाणी वेष, दागिने, ढाल, भाले, सगळी मांडामांड बाईंच्या पद्धतीची. पण पोराचा चेहरा पाहवत नाही. आई-बाप गेलेल्या मुलाला राजपुत्राचा वेष चढवला तरी तो चढत नाही. विशी गाठायच्या आत, १८७९ मध्ये तो परक्या देशातच वारला. आणि १८७२ मधलं एक चित्र आहे, ॲडलीन क्लॉगस्टन या लहानगीचं. बाईंच्या नात्यातली, त्यांनीच सांभाळलेली. तिचे वडील १८६२ मध्ये आपल्या हिंगोलीला लढाईत मारले गेले होते. त्या चित्रात तिनं कुणाचाही वेष केलेला नाही. ती मरण पावली आहे. ते पान मी दुसऱ्यांदा उघडलं नाही.

टीका तर सुरुवातीपासूनच होती. चित्रं अंधूक, काचेवर धूळ, बोटांचे ठसे, चरे. छायाचित्रकारांच्या नियतकालिकांनी बाईंची शाळाच घेतली. त्यांचं खोटं नव्हतं. त्या पुस्तकातल्या काही चित्रांत कडेला पडदा सरकलेला दिसतो, देवदूत झालेल्या पोराचे पंख कलंडलेले. पण भिंग फिरवताना चेहरा सुंदर दिसला की बाई तिथेच थांबत. रेघ न् रेघ स्पष्ट करायला जात नसत. बर्लिनच्या प्रदर्शनात १८६६ मध्ये सुवर्णपदक मिळालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं चित्रं तर घेतलीच, शिवाय १८६८ मध्ये काम करायला दोन खोल्याही दिल्या. मात्र पैसा काही सुटला नाही. हौसेला आणि काचा-रसायनांना लागतच गेला.

१८७३ मध्ये, जिनं कॅमेरा दिला होता ती लेक बाळंतपणात गेली. त्यानंतरच्याच वर्षी टेनिसननं राजा आर्थरच्या काव्यासाठी चित्रं मागितली आणि बाईंनी कामात अक्षरशः बुडी घेतली. बारा चित्रं मनासारखी यावीत म्हणून २४५ काचा केल्या. लान्सलॉट आणि गिनिव्हर यांच्या ताटातुटीच्या एका चित्राला बेचाळीस! ही माहिती वाचताना माझ्या मनात लेकीचं ते बाळंतपण होतं. एकाच महाकाव्यातले निरोपाचे प्रसंग, ताटातूट आणि ती पैलतीराची नाव, इतक्यांदा का मांडावेसे वाटले असतील? प्रकाशकानं त्यांतली मोजकीच चित्रं, तीही लहान करून लाकडी ठशांवरून छापली. बाई खट्टू झाल्या आणि स्वतःच्या खर्चानं मोठे छायाचित्रसंग्रह काढले. ते फारसे खपले नाहीत.

१८७५ मध्ये दोघं सिलोनला परतली. मुलं तिथे होती, चार्ल्सना तिथेच मरायचं होतं आणि कॉफीच्या मळ्यांना रोग लागून हात आखडले होते. सामानात दोन शवपेट्या होत्या. तिकडे चांगल्या मिळाल्या नाहीत तर? तोवर आत चिनीमातीची भांडी भरली. साउथहॅम्प्टनच्या बंदरावर हमालांना द्यायला सुटे पैसे नव्हते, म्हणून फोटो वाटले, अशीही आठवण सांगतात.

तिथे बाईंनी थोडेच फोटो काढले. मळ्यावरची, कालुतरा गावची माणसं. सुंदर आहेत. पण एक गोष्ट खुपते. फ्रेशवॉटरची मोलकरीण आपल्याला नावानं माहीत आहे, धक्क्यावरचा हमालसुद्धा. इथे चित्राखाली नुसते कालुतऱ्याचे शेतकरी. आपल्या मातीत जन्मलेल्या या बाईंना या बाजूच्या माणसाचं नाव लिहून ठेवावंसं वाटलं नाही. मला त्या आवडतात म्हणून मी हे लिहायचं टाळणार नाही.

२६ जानेवारी १८७९ रोजी दिकोयाच्या डोंगराळ भागात बाई गेल्या. बोगवंतलावा इथल्या छोट्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. पुढच्या वर्षी शेजारी चार्ल्स. कॅमेरा हाती धरल्यापासून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

पुस्तक परत करायच्या आदल्या संध्याकाळी मी ते आईला दाखवलं. ती तेव्हा साठीची. नावेचं पान उघडून शेजारी ट्रंकेतला फोटो ठेवला आणि मनाचा हिय्या करून विचारलं, तेव्हा कुठे पाहत होतीस? आईनं चष्मा पुसला. आधी त्या काळ्या कपड्यांतल्या बायकांकडे बराच वेळ पाहिलं आणि यांना किती वेळ उभं केलं होतं, ते विचारलं. मी म्हटलं, असतील काही मिनिटं, पण अशा कितीतरी काचा झाल्या असतील. त्यावर तिनं मान हलवली. मग सांगू लागली. स्टुडिओवाल्याचा चंद्र दोऱ्याला पीळ बसून सारखा फिरत होता, कोर उलटी व्हायची, त्यानं तासभर बसवून ठेवलं. घरी पानं मांडलेली, पण फोटो झाल्याशिवाय जेवायचं नाही असा सासूबाईंचा दंडक. स्टुडिओच्या दारातून समोरचा भज्यांचा गाडा दिसत होता. तिकडे पाहत होते.

मग तिनं फोटो उचलून आपल्याजवळ ठेवला आणि मला खालून भजी आणायला पाठवलं.